उंबरठ्याबाहेर

"माझ्या संपत्तीतले नव्वद टक्के मी समाजाला देऊन टाकतोय," कारखानदार अच्युतराव माईकवर म्हणाले आणि अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. पहिल्या रांगेतल्या दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांवर मुलाच्या आणि सुनेच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या.

भर दुपारी शाल-श्रीफळ घेऊन ते बंगल्यावर परतले आणि सवयीनं उंबरठ्याबाहेर थांबले. सत्कार कुठलाही असो, ओवाळल्याशिवाय कुमुद नवऱ्याला आत घ्यायची नाही. तिला जाऊन तीन वर्षं झाली. पाय मात्र अजून तिथंच अडायचा.

वॉचमन धावत आला. "साहेब, किल्ली विसरलात का? कामाच्या मावशी पाचला येतील. तोवर बसा की माझ्या केबिनमध्ये."

"विसरलोच बघ," अच्युतराव म्हणाले आणि खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरून त्याच्या मागोमाग निघाले.