सगळ्यांच्या शेवटी ऐकणारी

“सगळ्यांच्या शेवटी जो बसलाय ना, त्याला उठवू नकोस. त्याच्यापुढचा माझा फोन नंबर तेवढा काढ आणि तुझा घाल.”

इस्पितळातल्या खाटेवरून डुफी आंटी असं म्हणाल्या होत्या. त्यांच्या हातावर हात ठेवून बिरागोने शब्द दिला होता. त्याला चौदा महिने झाले. आज शनिवारी दुपारी, कुमासी शहरातल्या दोन टेबलांच्या ऑफिसात, तो नंबर पडद्यावर तिच्यासमोर आला. आंटींचाच. तिने तो बदललाच नव्हता.

चर्चच्या महिला मंडळाची ही साइट आंटींनी एकटीने पीएचपी या संगणकाच्या भाषेत बांधलेली. कुणी आजारी पडलं की शेजारीपाजारी तिथे कळवीत. मग आतली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, हाक देई: अमक्या बाई आजारी आहेत, घरी एकट्या आहेत. हाक देणाऱ्याला ऐकतंय कोण हे ठाऊक नसे. ऐकणारे, म्हणजे कोडचेच छोटे तुकडे, आपापल्या पाळीने पुढे येत. पहिला पाद्रीबाबांना निरोप धाडी, दुसरा त्या गल्लीतल्या बायकांना. कुणी ‘जाते’ असं कळवलं की हाक तिथेच थांबे. तासाभरात कुणीच कळवलं नाही, तरच ती शेवटच्यापर्यंत पोचे. शेवटचा एकाच फोनला निरोप करी: कुणी नाही, तुम्ही या.

उद्या रविवार, मंडळाची सभा. त्याआधी लायब्ररीची नवी आवृत्ती बसवायची म्हणून ती आणि तिच्यासोबत काम करणारा क्वार्तेंग सुटीच्या दिवशी आले होते.

“क्वार्तेंग, आंटींचा नंबर चालू असेल का रे अजून?”

“चालू? अगं, तो फोन तूच नाही का त्यांच्या शवपेटीत ठेवलास, रडत रडत? चार्जर तेवढा ठेवायचा राहिला.”

ती हसली नाही. तिने हाकांची नोंद उघडली. आंटींना पुरल्यानंतर हाक अकरा वेळा शेवटच्यापर्यंत गेली होती. अकराही वेळा शनिवार. शनिवारी अख्खं गाव काळी-तांबडी वस्त्रं नेसून मयताला गेलेलं असतं. जिवंत आजाऱ्याकडे जायला सवड कुणाला? अकराही निरोप आंटींच्या फोनवर गेले होते. आणि अकराही नावांपुढे घरच्यांनी खूण केली होती: भेट झाली.

“कंपनीने नंबर दुसऱ्या बाईला दिला असेल,” क्वार्तेंग म्हणाला. “असेल तीही तुझ्यासारखी देवभोळी. पोटात अन्न नाही, पण पायपीट हवी.”

बिरागोचा आज उपास होता. गेल्या शनिवारच्या नावापुढचा नंबर तिने स्पीकरवर फिरवला. आजारी बाईंच्या मुलीने उचलला.

“आल्या होत्या की, सिस्टर! मी बाजारातून आले तर आईच्या उशाशी बसलेल्या. किती हळू बोलतात हो! प्रार्थना म्हटली, आईचे पाय चेपले. मी पाणी पुढे केलं तर नको म्हणाल्या. आपल्यात पाणी देऊन झाल्यावरच पाहुण्याला विचारायचं; त्यांनी पाणीच घेतलं नाही, तर ‘काय काम काढलंत’ असं मी विचारू तरी कशी? आणि एक सांगू? ह्या दिवसांत धूळ किती, दारात पाऊल टाकलं की नडग्यांपर्यंत तांबडं. त्यांचे पाय मात्र कोरे.”

“नाव काय म्हणाल्या?”

“नाही सांगितलं. फार दमलेल्या दिसत होत्या बिचाऱ्या. निघताना म्हणाल्या, पुढच्या वेळी बिरागो येईल. ही बिरागो कोण हो?”

क्वार्तेंगची टाइप करणारी बोटं थांबली.

“मीच,” बिरागो म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पडद्यावर खाली नवीन ओळ उभी होती. बाराच्या ठोक्याला कुणी तरी कळवलेलं: नाना पोकुआ आजी, टाफो वस्ती, दोन दिवस ताप, घरात कुणी नाही. पाद्रीबाबांना निरोप गेला होता. गल्लीला गेला होता. उत्तर एकाचंही नव्हतं. एक वाजायला सहा मिनिटं होती.

तिने आंटींचा नंबर एकेक आकडा करून पुसला. आपला लिहिला. दोनदा वाचून पाहिला.

“चढव हे.”

“न तपासता? आंटी असत्या तर कान उपटले असते माझे.”

“आंटींना आज बसू दे रे घटकाभर.”

क्वार्तेंगने तिच्याकडे पाहिलं. पुढची थट्टा त्याच्या ओठांवर आलेली दिसली, पण ती त्याने गिळली. मान खाली घालून त्याने फाइल चढवली. मग दोघंही घड्याळाकडे बघत राहिले. खालच्या गॅरेजात कुणी तरी पत्रा ठोकत होतं.

एक वाजला. बिरागोच्या तळहातात फोन थरथरला. तिने निरोप वाचला, डोक्याला फडकं बांधलं, पिशवीत पाव आणि दोन संत्री टाकली.

“मी येऊ का सोबत?” क्वार्तेंगने हळूच विचारलं.

“नको. हाक मला आलीय.”

जिना अरुंद होता, एका वेळी एकच माणूस मावेल असा. मधल्या वळणावर ती थांबली. वस्त्राचा सोगा आवरून भिंतीला चिकटून, मान लववून उभी राहिली, वडीलधारं माणूस वर येत असलं की वाट देतात तशी. एखादी थकलेली बाई सावकाश वर चढून जाईल, तितका वेळ.

मग ती खाली उतरली आणि टाफोच्या रस्त्याला लागली.