दस्त्याचं माप

“ही नको. हिचा दणका फार,” एलादियो म्हणाला आणि बंदूक काउंटरवर परत ठेवली.

कासिल्दा हसली. “चाळीस वर्षं बारा बोअर खांद्याला लावून फिरलास. दणका आज कळला होय रे तुला?”

“कळला.”

“म्हातारा झालास.”

“झालो की.”

बंदूकवाला तोबियास गालातल्या गालात हसत होता. सशांचा हंगाम ऑक्टोबरात. आत्ता कुठे जून लागला होता आणि दुकानात हे दोघंच. “काका, आधी एक सांगा. भिंतीवर टांगायला मुंडकं हवंय की खायला मांस?”

“सशाचं मुंडकं कोण टांगतो रे गाढवा? मांस.”

“मग बारा बोअर नकोच. जवळून लागली की सशाचा चेंदा होतो आणि काकू जेवताना छर्रे थुंकत बसतात.”

“बसतेच,” कासिल्दा म्हणाली. “एक दात गेलाय याच्या नेमापायी. ती बावीसची रायफल नाही का चालत?”

“शिकारीला तिच्यावर बंदी आहे काकू. गार्ड उचलून नेतील. ही चारशे दहाची बारीक नळीची बंदूक बघा, काठीसारखी हलकी. पण छर्रे मोजके. नेम जरा ढळला की ससा तंगडी ओढत बिळात शिरतो आणि आत सडून मरतो.”

“मग नको,” एलादियो म्हणाला. “नेम ढळणारच.”

“तुझा?” कासिल्दा म्हणाली. “तुझा कधी ढळला?”

त्याने चारशे दहा तोबियासकडे परत सरकवली.

त्यांच्या गावात अकरा माणसं उरली होती. आधी शाळा गेली, मग दारूचा गुत्ता, मग दर गुरुवारी येणारा डॉक्टर. खाटकाची गाडी यायची, तीही दोन वर्षांपूर्वी बंद झाली. अकरा पोटांत डिझेलसुद्धा सुटत नाही म्हणे. निवडणूक आली की राजधानीतून चकचकीत बुटांची माणसं यायची, ओस पडलेल्या खेड्यांविषयी गळा काढायची आणि अंधार पडायच्या आत परत जायची. ससे मात्र कुठे गेले नाहीत. द्राक्षाच्या वेलांची साल कुरतडत ते हजारोंनी वाढले. जानेवारीत रस्त्यावर बर्फ जमलं की ज्याला ससा मारता येतो तो मांस खातो. ज्याला येत नाही तो मार्चपर्यंत मसूर गिळतो. मुलगा जर्मनीत मोटारींचे दरवाजे बसवायचा आणि रविवारी फोन करून विचारायचा, नीट जेवता ना? त्या गावात बंदूक ही हौस नव्हती. ती खाटकाचं दुकान होती.

हिवाळ्यापासून एलादियोच्या शहरातल्या हॉस्पिटलात खेपा चालू होत्या. डॉक्टरांकडे तो एकटाच आत जायचा. ती बाहेर बाकावर. सोमवारी तो बाहेर आला आणि म्हणाला, “काही नाही. सहा महिन्यांनी या म्हणाले.” बसमध्ये दोन तास ती त्याचं तोंड बघत राहिली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्या तोंडावरचं तिला एक अक्षर वाचता येईना. दोन दिवस तिचा त्या ‘काही नाही’वर विश्वास बसला नाही.

आणि आज सकाळी तो म्हणाला, चल, नवी बंदूक घेऊ.

पायमोजे फाटले तरी नवे न घेणारा माणूस! ऑक्टोबरची बंदूक जूनमध्ये घ्यायला निघाला! मरायला टेकलेला माणूस असं करतो काय? तिने चुलीवरचं दूध तसंच सोडून चप्पल घातली होती. म्हणून आज तिची जीभ अशी मोकाट सुटली होती.

तोबियासने वीस बोअरची दुनळी काढली. सडपातळ, खांद्याला टेकणारा दस्ता जुन्या अक्रोडाच्या लाकडाचा. “हिला तोड नाही. तीस पावलांवर ससा जागच्या जागी. मांस शाबूत.”

एलादियोने ती तोलून पाहिली आणि कासिल्दाकडे दिली. “धर जरा. माझं मनगट दुखतंय.”

“तुझं मनगट! लाव की खांद्याला, बघू दे.”

“आधी तू लाव.”

तिने लावली. भिंतीवरच्या भुसा भरलेल्या रानडुकरावर नेम धरला आणि तोंडाने “ठो!” केलं. तोबियास छाती धरून मागे कलला. “मेलो, काकू!” ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एलादियो हसत नव्हता. तो तिच्या खांद्याकडे बघत होता, जत्रेत बैल पारखताना बघतात तसा.

“जड वाटते?”

“नाही रे.”

“दुपारपर्यंत पेलवेल?”

“मला कशाला पेलायची? मी सोलते, तू मारतोस. मागच्या हिवाळ्यात मला उगाच परीक्षेला बसवून परवाना काढायला लावलास. तो डब्यात पडलाय.”

“ही दे,” एलादियो तोबियासला म्हणाला.

तोबियासने काउंटरखालून फीत काढली. बंदूकवाले माप घेतात तसं त्याने दस्त्याचं टोक एलादियोच्या कोपराच्या वळणात टेकवलं आणि बोट चापापर्यंत नेलं. बोट चाप ओलांडून पुढे गेलं. “काका, तुमचे हात म्हणजे उंटाचे पाय. दस्ता तोकडा पडतोय. मागे दोन बोटं रबर लावून वाढवून देतो. शनिवारी न्या.”

“वाढवू नकोस.”

“अहो, मग नेम बसणार नाही.”

“वाढवू नकोस म्हटलं ना. काप.”

“कापू? काका, लाकूड एकदा कापलं की ही तुम्हाला कधीच चालवता येणार नाही.”

“ठाऊक आहे,” एलादियो म्हणाला. “माप तिच्या हाताचं घे.”

तोबियास फीत घेऊन कासिल्दाकडे वळला.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.