बर्फावर पट्टा लावत नाहीत

गोठलेल्या समुद्रावरून बेटाकडे जाताना सीटबेल्ट लावायचा नाही आणि गाडी थांबवायची नाही, हे हेल्वेला लहानपणापासून पाठ होतं. बर्फ फुटलाच तर उडी मारता यायला हवी.

अर्ध्या वाटेत खट् असा आवाज झाला. तिच्या छातीवर पट्टा होता.

"अगं, भर समुद्रात पट्टा? बुडायची एवढी हौस?" गाडी चालवणारा नवरा, उर्मास, हसला.

"मी कुठे लावला!" तिने तो सोडला.

थोड्या वेळाने पुन्हा खट्. तिचे दोन्ही हात तर मांडीवर होते.

"उर्मास, मला काहीच कळत नाहीये. आता हा सुटत नाही रे."

या वेळी तो हसला नाही. एका हाताने स्टिअरिंग धरून तो स्वतःच्याच पट्ट्याशी झगडत होता.

खाली बर्फ कण्हला, आणि मागच्या रिकाम्या सीटवर खट् झालं.