वाघांची ओळ

खिचडीच्या खोलीत पातेल्यावरचं झाकण खणकन फरशीवर पडलं. ओळीतला एकही वाघ हसला नाही.

रेणू मॅडमना आतून इतका आनंद झाला की त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पहिली-दुसरीची वीस मुलं हातात ताटल्या घेऊन, चवड्यांवर, व्हरांड्यातून नळाकडे चालली होती. प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा. कुणाच्या तरी लग्नात उरलेल्या कागदी प्लेटा, त्यावर पिवळा खडू, कोळशाचे पट्टे आणि मिशांना खराट्याच्या काड्या. नियम एकच: वाघाच्या पावलांचा आवाज येत नाही. ज्याचा आला तो हरीण. हरणाने ओळीच्या शेवटी जायचं. पंधरा दिवसांपूर्वी मॅडम या शाळेत बदलून आल्या, तेव्हा याच मुलांनी नळापाशी एकमेकांच्या डोक्यात ताटल्या हाणल्या होत्या.

"थांबा वो म्याडम."

फाटकातून हर्षाची आजी, कुसुमबाई आत आल्या. एका हातात हर्षाचं मनगट, दुसऱ्यात चुरगळलेला मुखवटा. हर्षा तीन दिवस शाळेत आली नव्हती. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. वेण्या मात्र तेल लावून घट्ट घातलेल्या, लाल रिबिनींची फुलं अगदी सारखी.

"वाघ आवाज करत नाही, हे तुमीच शिकवलं का हिले?"

"खेळ आहे तो, आजी. मुलं ओळीत शांत..."

"आजी नोका म्हणू मले."

मुखवटा मॅडमच्या पायाशी येऊन पडला.

"हिची माय जंगलात मोहफुलं वेचायले गेली अना वाघानं नेली. मागच्या साली. तुमाले मालूम नाही?"

मालूम नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. दाखल्यावर आईच्या नावाचा रकाना भरलेला होता, तेवढंच त्यांनी पाहिलं होतं.

"मला खरंच..."

"सहा महिने ही पोरगी निजली नाही. मंग मीच सांगतलं तिले, वाघ येच्या आंधी डरकाळी देते. डरकाळी नाही आली म्हणजे वाघ नाही, नीज. निजे बिचारी. आता तुमचा खेळ आला. आता खाटेवर बसून रायते. म्हणते, आजी, कायचाच आवाज नाही येऊन राहिला. म्हणजे आला."

ओळ होती तिथेच उभी होती. वीस पिवळे चेहरे, भोकांतून डोळे. एका वाघाने नाक पुसायला मुखवटा वर केला आणि घाईने खाली ओढला.

"मी मुलांना मारत नाही," मॅडम म्हणाल्या. "ओरडतसुद्धा नाही. म्हणून असे खेळ घेते."

"मारलं असतं तं बरं होतं. मारलेलं दोन दिसात जाते." कुसुमबाईंचा आवाज चढला. "तुमचं लेकरू गोंदियाले रायते ना? निजते ना सुखानं? तुमचा वाघ पोस्टरवरचा. तिकीट काढा, जिप्सीत बसा, फोटो काढा, घरी जा. आमचा वाघ आमच्या वावरात बसून रायते."

खिचडी शिजवणारी सुशिलाबाई पदराला हात पुसत दारात आली. "जाऊ दे वो कुसुम. नवीन आहेत त्या."

"तू गप राय. तुही खिचडी पाय, करपून राहिली."

सुशिलाबाई आत पळाली. ओळीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आता सांगा हिले," कुसुमबाई म्हणाल्या. "तुमी लिवलं, तुमीच पुसा. माहं आयकत नाही. म्हणते, म्याडम शिकेल आहेत, तू अडाणी. तुमाले नाही जमत असन तं नाव काढा हिचं. घरी ठेवीन. बकऱ्या राखन, पण निजन तं खरी."

मॅडम गुडघ्यांवर बसल्या. आता त्या हर्षाएवढ्या झाल्या. त्यांनी तिचा मोकळा हात हातात घेतला. बोटं गार होती, मूठ आवळलेली. त्यांचा स्वतःचा मुलगा तीन वर्षांचा होता, झोपेत तोही अशीच मूठ आवळायचा. त्यांनी अंगठ्याने ती मूठ हळूहळू उघडली.

"हर्षा, माझं चुकलं बरं का. मी सांगितला तो नुसता खेळातला वाघ. खरा वाघ तसा नसतो."

हर्षाने खाली पडलेल्या मुखवट्याकडे पाहिलं.

"खरा वाघ यायच्या आधी डरकाळी फोडतो. तुझी आजी सांगते तेच खरं."

"मोठी?"

"खूप मोठी."

"सगळ्यायले आयकू येते?"

"सगळ्यांना."

"जंगलात असलं तरी?"

कुसुमबाईंची नजर मॅडमच्या मानेवर होती.

"जंगलात तर अजूनच मोठी ऐकू येते."

कुसुमबाईंनी श्वास सोडला. नातीच्या मनगटावरची त्यांची बोटं सैल झाली, तिथे पांढरे वळ दिसले. "घे," त्या म्हणाल्या. "आता तं तुह्या म्याडमनं सांगतलं."

हर्षा हलली नाही. समोरचे दोन दात पडलेल्या जागेवरून तिने जीभ फिरवली. बेरजेचं गणित घातलं की ती वर्गात असंच करायची, उत्तर येईपर्यंत.

"मंग म्याडम," ती म्हणाली, "माह्या मायले काऊन नाही आयकू आली?"