कपडा कुणाचा

"शर्ट काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ड्रायव्हरने आधी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघत होती.

पुरळ होतं तिथेच होतं. मानेखाली एक लाल चट्टा, कमरेला दुसरा. चार महिन्यांपूर्वी त्याने बाहेरून गुप्तरोग घरी आणला, तेव्हा इंजेक्शनं दोघांनाही घ्यावी लागली होती. चोरी एकाची, शिक्षा दोघांना. ती केव्हाच बरी झाली. तो अजून खाजवत होता.

"रिपोर्ट स्वच्छ आहेत, रोग गेलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग हे का जात नाही? परत कुठे गेला नाहीत ना?"

त्याने शपथ घेतली. आणि जाणार तरी कुठे? अंग साफ झाल्याचा दाखला आणल्याशिवाय डेपो त्याला लांब पल्ल्याच्या बसवर चढू देत नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो बायकोच्या लॉन्ड्रीत इस्त्री फिरवत असे.

मग डॉक्टरीणबाईंनी साबणाची चौकशी केली. साबण तोच आहे, बायकोने सांगितलं, आणि ह्यांचे कपडे मी वेगळे, माझ्या हातानं धुते. एवढं झाल्यावरही एवढं करणारी बायको डॉक्टरीणबाईंना फार दिसत नसावी. त्यांनी तिचं कौतुक केलं, मलम बदललं आणि दाखला महिनाभर पुढे ढकलला.

वाटेत तो कुरकुरत राहिला. डेपोतले लोक हसतात, हात शिवशिवतात, बरा झालो की पहिली तीच गाडी मागून घेतो.

"तीच कशाला?" तिने विचारलं. "दुसरी घ्या की."

"तो रस्ता माझ्या हातातला आहे."

त्या रस्त्याच्या शेवटच्या थांब्यावर कॅन्टीन होतं, आणि कॅन्टीनवाली. तिचा फोटो बायकोने एकदाच पाहिला होता. गालाला खळी होती. तेव्हापासून कुणाच्याही गालाला खळी दिसली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुकानात आल्यावर ती खुणा घालायला बसली. कागदी चिठ्ठ्या पाण्यात सुटतात, म्हणून ती अजून आईच्या पद्धतीने बिब्ब्यात सुई बुडवून कपड्याला आतून ठिपके द्यायची. कुणाला दोन, कुणाला तीन. वर लगेच चुन्याचं बोट. त्याने खूण पक्की होते आणि बिब्बा अंगावर उतून खाज सुटत नाही. वीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती. "कपडा कुणाचा ते कळलं पाहिजे," आई म्हणायची.

"जगाच्या कपड्यांत बिब्बा घालून पोट भरतेस," तो नेहमीसारखं म्हणाला आणि मलम घेऊन मोरीत गेला.

फोन इस्त्रीच्या टेबलावरच राहिला होता. तो वाजला. तिने वाचलं. कधी येणार, इतकंच कॅन्टीनवालीने विचारलं होतं. त्या ओळीच्या वर नवऱ्याचा सकाळचा मेसेज होता: अंग बरं झालं की पहिल्या गाडीने.

तिने फोन होता तसा ठेवला. पुढचा शर्ट ओढला आणि सुई बिब्ब्यात बुडवली.

तो बाहेर आला, शेजारी टेकला. "तुझा विश्वास नाही ना माझ्यावर?" त्याने विचारलं. "आईशप्पथ, चार महिन्यांत कुठे गेलो नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

तो इस्त्री तापवायला उठला. गिऱ्हाइकांचे शर्ट संपले होते. तिने त्याच्या धुतलेल्या बनियनी पुढे ओढल्या, मग पायजमे. मानेशी तीन ठिपके, नेफ्याशी तीन. मग सुई पुसली आणि बोट न बुडवताच चुन्याच्या वाटीवर झाकण ठेवलं.