रेंजर साहेबांचं वाळवंट

जंगूनं कुंडीवरची काच उचलली. सगळी रोपं मेलेली होती. सतराच्या सतरा. कालपर्यंत ते हिरवे मणी होते, मुगाएवढे, डोक्यावर शिंगांसारखी दोन इवली पानं. आज बोट लावलं की मण्याचं पाणी होत होतं.

रेंजर गुणवंतराव पंधरा दिवसांपूर्वी सागाच्या झाडांवर खुणा घालायला जंगलात गेले होते. जाताना त्यांनी जंगूच्या हातात चहाचा चमचा दिला होता. "हे मेक्सिकोच्या वाळवंटातलं बी आहे. नागपूरच्या मोठ्या साहेबांनी स्वतः दिलंय. आठवड्याला एक चमचा पाणी. थेंबभर जास्त नाही."

जंगूची अकरा वर्षं सागाच्या नर्सरीत गेली होती. तिथं रोप म्हणजे दोन वेळ झारी. पहिले तीन दिवस त्यानं चमचा पाळला. चौथ्या दिवशी चांद्याचं ऊन असं तापलं, की रेंजर साहेबांच्या बंगल्यातली कुत्री मोरीत जाऊन बसली. जंगूला राहवलं नाही.

आता तो ओसरीवर डोकं धरून बसला होता. अकरा वर्षं हंगामी राहिल्यावर यंदा त्याला कायम करायचा कागद निघाला होता. मोठ्या साहेबांची सही तेवढी बाकी होती. साहेबांच्या बियांचं पाणी करणाऱ्याला सही कोण देणार?

त्याची बायको सुकरी बंगल्यावर स्वयंपाक करी. ती परात घेऊन बाहेर आली.

"काऊन बसला असा?"

"मेले ना वं सारे! चमच्यानं का तहान भागते लेकराची? म्हून झारी घातलो."

सुकरीनं कुंडीत वाकून पाहिलं. मग ती विहिरीकडे गेली आणि पदरात काहीतरी घेऊन आली. घोळीची रोपं होती, नखाएवढी. भाजीची घोळ, विहिरीच्या कडेला आपोआप उगवते ती.

"याची बी पानं जाड, त्याची बी जाड. लाव."

"येडी झाली का? साहेब वळखन ना!"

"साहेबानं घोळ ताटात पाह्यली हाये," सुकरी म्हणाली. "मातीत नाई पाह्यली."

सोमवारी गुणवंतराव परतले. बूट न काढता ते कुंडीशी गेले, खिशातलं भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून राहिले. जंगूनं मनातल्या मनात आपल्या सगळ्या देवांना एकेक कोंबडा कबूल केला.

"देठ लाल झालाय," गुणवंतराव म्हणाले. "उन्हापासून बचाव! पाहिलंस? याला म्हणतात निसर्ग."

तेव्हापासून ते दर रविवारी सकाळी पट्टीनं रोपं मोजत. खरी अडचण इथंच होती. घोळ काही मेक्सिकोच्या चालीनं वाढेना. ती आठवड्यात कुंडीबाहेर लोंबू लागे. म्हणून दर शनिवारी सुकरी तिचे शेंडे खुडी आणि वरणात टाकी. रविवारी गुणवंतराव वहीत लिहीत : 'वाढ अत्यंत मंद. पुस्तकातही तसंच म्हटलंय.' मग ते जेवायला बसत आणि आंबट वरण दुसऱ्यांदा मागून घेत.

एका सकाळी कुंडीत पिवळं फूल उमललं. पुस्तकाप्रमाणे त्याला अजून पाच वर्षं होती. दुपारच्या आत ते मिटलंही, पण तोवर गुणवंतरावांचा माणूस तारेचा मजकूर घेऊन सायकलनं आलापल्लीच्या तारघराच्या वाटेला लागला होता.

चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांची जीप फाटकात शिरली.

"फूल आलं म्हणे तुमच्याकडे!" साहेब उतरता उतरता म्हणाले. "माझी रोपंही मस्त चाललीत. तुमच्याहून बोटभर उंचच असतील."

गुणवंतराव लगबगीनं वही आणायला आत गेले. जंगूचा कागदही आतच टेबलावर होता. ओसरीवर मोठे साहेब आणि जंगू दोघंच उरले.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. रोपांकडे पाहिलं. एक पान खुडलं, बोटांत चुरगळलं आणि सरळ तोंडात टाकलं. ते सावकाश चावत राहिले.

"घोळ," साहेब म्हणाले.

"जी."

"खरी कधी गेली?"

"वैशाखात जी. मीच मारलो. त्याईले तहान लागली असंन म्हून..." जंगूनं हात जोडले. "सही नोका करू, पन रेंजर साहेबाले नोका सांगू. त्याईचं लय मन हाये यात."

आत गुणवंतराव मोठ्यानं वहीतले आकडे वाचत येत होते. मोठ्या साहेबांनी दाराकडे एक नजर टाकली आणि जंगूच्या कानाशी वाकले.

"माझी चैत्रातच मेली. गुरुवारी दिल्लीचे पाहुणे ती बघायला येताहेत. दोन डझन रोपं टोपलीत भर, जीपमध्ये ठेव, आणि सहीचा कागद घेऊन तिथंच ये."