खरखरीत हिरवा

काकूंचं बोट झाडाच्या शेंड्यावरून खाली आलं आणि मध्येच थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा तिथंच अडलं.

"हे टाके माझे नाहीत," त्या म्हणाल्या.

भरतकामाच्या वर्गातल्या सगळ्या सुया जागच्या जागी थांबल्या. लांब टेबलाभोवती बसलेल्या बायकांनी माना वर केल्या नाहीत, पण कान टवकारले. शिकवणाऱ्या बाई खिडकीशी लोकरीचा गुंता सोडवत होत्या. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"तुमचाच कॅनव्हास आहे हो काकू. मागच्या वेळी इथंच विसरून गेला होतात."

"कॅनव्हास माझाच आहे. टाके माझे नाहीत. माझा हात इतका घट्ट नाही."

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"झाडाची पानं निळी झाली होती," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मीच उसवून हिरवी भरली."

काकू समोर पाहत राहिल्या. समोर पाहिलं की हल्ली मधोमध फक्त धुरकट डाग दिसायचा. समोरचं माणूस ओळखायचं तर त्याच्या कानाकडे पाहावं लागे. निळा आणि हिरवा तर कधीच एकमेकांत मिसळून गेले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. वर्गात मात्र आपण कुणाला पत्ता लागू दिला नाही, असं काकूंना आजवर वाटत होतं.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

टेबलाभोवतीच्या सुया एकदम भराभर चालू लागल्या.

"तुम्ही येत राहा," बाई म्हणाल्या. "भरलं नाही तरी चालेल. आमच्याशी गप्पा मारायला या."

काकूंनी पिशवीतून छोटी कात्री काढली, बोटांनी चाचपत तिचं टोक हिरव्या टाक्याखाली घातलं आणि कापलं. मग पुढचा टाका. झाड पुरतं उसवेपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि कुणाशी गप्पाही मारल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या लोकरीच्या दुकानात गेल्या.

"हिरवा दाखवा."

"कोणता दाखवू? फिका की गडद?" दुकानदाराने विचारलं.

"ते तुम्ही बघा. मला खरखरीत हवा."

दुकानदार हसला. त्याला वाटलं, काकू गंमत करताहेत. पण काकूंनी त्याला लच्छ्या काढायला लावल्या आणि एकेक गालावर, मनगटावर घासून पाहिली. नव्या चित्रातल्या गवतासाठी टोचणारी लोकर बाजूला ठेवली. तळ्यासाठी रेशीम. रस्त्यासाठी जाड सुती दोरा. दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी दुकानदाराला आता यात गोडी वाटू लागली.

"आणि आकाशाला काय द्यायचं?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगा."

तो आत गेला आणि तान्ह्या बाळांच्या टोपड्यांसाठी घेतात ती लोकर घेऊन आला. काकूंनी ती गालाला लावली आणि पर्स उघडली.

घरी जेवणाचं टेबल कामाला लागलं. मोठ्या भोकांचा नवा कॅनव्हास, आणि शेजारी प्रयोगांना जुने तुकडे. तळ्याचा टाका लांब आणि आडवा, म्हणजे बोट सरकत जाईल. गवताला फुल्या. पानांसाठी टाका घट्ट न ओढता वर फासा सोडायचा, असं त्यांनी ठरवलं, पण फासे एकमेकांत अडकून झाडाची जटा झाली. उसवलं. रस्त्याच्या गाठी कॅनव्हासच्या भोकांतून मागे निसटल्या. तेही उसवलं. मग त्यांनी गाठ दुहेरी करून पाहिली. ती बसली.

"या घरात खुर्चीवर बसायच्या आधी मला ती चाचपावी लागते," त्यांचे यजमान कुरकुरले. "काल सुई टोचली."

"मग आता कळलं ना, मी कशी वावरते ते?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून यजमान सुया खोचायच्या छोट्या उशीवर दोरा ओवलेल्या सुया टोचून ठेवू लागले. रेशमाच्या एका बाजूला, लोकरीच्या दुसऱ्या. तरी काकू प्रत्येक दोरा बोटांत धरून तपासायच्या आणि चुकलेला मुकाट्याने परत करायच्या.

काम पुरं झालं तेव्हा त्यांनी ते वर्गात नेऊन बाईंसमोर पसरलं. बाईंनी नीट पाहिलं. रस्ता मध्येच वाकडा झाला होता, आणि दोन ठिकाणी गवत तळ्यात शिरलं होतं.

"काकू, हे इथे जरासं..."

"आधी डोळे मिटा."

बाईंनी मिटले. काकूंनी त्यांचं बोट धरून रस्त्याच्या सुरुवातीला ठेवलं आणि सोडून दिलं. बोट गाठींवरून सावकाश पुढे गेलं, गवतात शिरलं, तिथं जरा रेंगाळलं, मग थबकलं.

"इथं काठ आहे?"

"हो. पुढे पाणी आहे. जपून."

बाईंनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मागे बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. एकीने कोपरापर्यंत बाह्या सारल्या आणि आपली पाळी कधी येते याची वाट पाहू लागली.

वर्गाच्या प्रदर्शनासाठी चौकट करायची ठरली, तेव्हा बाई स्वतः काकूंबरोबर त्याच लोकरीच्या दुकानात आल्या; तिथं चौकटीही करून मिळत. दुकानदाराने माप घेतलं. लाकडी पट्टी पसंत झाली.

"वरून काच बसवतो," तो म्हणाला. "नाहीतर हात लागून मळेल."

"बसवा," बाई म्हणाल्या.

"काच नको."

"अहो काकू, एवढी मेहनत घेतलीत. धूळ बसेल त्यावर."

"झटकेन." काकूंनी कॅनव्हासवर तळहात पसरून ठेवला. "काच लावली तर मला दिसायचं नाही."